आभासी सृष्टि आणि शेतकऱ्याचें शिक्षण

संगणकाच्या पडद्यावर एखादें गांव, अरण्य अथवा तळें उभें करावयाचें, त्यांत विद्यार्थ्यास हिंडूं द्यावयाचें, आणि तेथें जें घडतें त्यावरून त्यास शिकवावयाचें, अशी एक शिक्षणपद्धति गेल्या पंचवीस वर्षांत बरीच पुढें आली आहे. तीस 'व्हर्च्युअल वर्ल्ड' असें म्हणतात. आपण आभासी सृष्टि म्हणूं. आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांचीं मुलें मोबाइलवर ह्याच जातीचे खेळ खेळतात, आणि वडील मंडळी तें पाहून कपाळास आठ्या घालतात. त्यांचें अगदींच चुकतें असें नाहीं. परंतु जी वस्तु पोराच्या हातीं खेळणें असते, तीच जाणत्याच्या हातीं अवजार होऊं शकते. हें अवजार कोणत्या कामाचें आहे, कोणत्या कामाचें नाहीं, आणि शेतीच्या धंद्यांत त्याची गरज कां भासावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

नकाशा आणि आभासी सृष्टि

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें, तेव्हां दाखलाही त्याच दप्तरांतील घेतों. गांवचा नकाशा आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. एका तावावर गांवची शीव, ओढे, गाडीवाटा, सर्व्हे नंबर आणि विहिरी मांडलेल्या असतात. नकाशा म्हणजे गांव नव्हे हें खरें. पण हद्दीचा तंटा पडला म्हणजे दहा माणसांच्या तोंडी जबानीपेक्षां नकाशाच अधिक कामास येतो. आतां अशी कल्पना करा कीं, हा नकाशा सपाट नसून उंचसखल आहे. आपणांस त्यांत पाय ठेवून चालतां येतें. त्यांतील ओढ्यास पाणी वाहतें. आणि एक कळ दाबली कीं त्यावरून एक दिवस, एक महिना किंवा एक वर्ष निघून जातें. ह्याचेंच नांव आभासी सृष्टि. तींत फिरणाऱ्या मनुष्याचें जें चित्ररूप शरीर असतें, त्यास पाश्चात्य लोक आपलाच शब्द उचलून 'अवतार' म्हणतात.

दोहोंत मुख्य भेद एवढाच कीं, नकाशा स्थिति दाखवितो, आणि ही सृष्टि कारण व कार्य दाखविते. खत वाढविलें तर काय होईल, पाणी कमी दिलें तर काय होईल, हें तींत करून पाहतां येतें. मात्र नकाशाचा एक धर्म येथेंही लागू आहे. नकाशावर विहिरीची खूण असते, पण तिचें पाणी गोडें कीं मचूळ हें मोजणीदारानें नोंदलें नसेल तर नकाशा तें सांगूं शकत नाहीं. करणारानें जें आंत घातलें तेवढेंच बाहेर निघतें. हें सूत्र वाचकांनीं शेवटपर्यंत ध्यानांत ठेवावें.

ह्या पद्धतीचा उगम

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेंत बिंगहॅम्टन येथें एडविन लिंक नांवाचा एक तरुण होता. त्याच्या वडिलांचा वाद्यें तयार करण्याचा कारखाना असल्यामुळें भाते आणि हवेच्या नळ्या ह्यांचें काम त्यास चांगलें अवगत होतें. त्या काळीं विमान चालविण्यास शिकणें फार खर्चाचें असे. म्हणून लिंकनें भात्यांवर डोलणारें एक लहानसें लांकडी विमान १९२९ सालीं सिद्ध केलें. तें जमीन सोडीत नसे, परंतु दांडी हलवितांच खऱ्या विमानासारखें कलत व वळत असे. आरंभीं जाणत्या लोकांनीं त्याची दखल घेतली नाहीं, आणि तें यंत्र करमणुकीच्या बागांतून पैसे टाकून बसावयाचें खेळणें म्हणून विकलें गेलें.

पुढें १९३४ सालीं अमेरिकेच्या सैन्याकडे विमानानें टपाल वाहण्याचें काम आलें. धुक्यांत व हिमवादळांत बाहेरचें कांहीं दिसत नसतां, केवळ समोरच्या कांट्यांकडे पाहून विमान चालविण्याचा सराव त्या वैमानिकांस नव्हता. थोड्याच आठवड्यांत त्यांपैकीं कित्येक प्राणास मुकले. तेव्हां सैन्यानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. दुसरें महायुद्ध संपेपर्यंत अशीं दहा हजारांहून अधिक यंत्रें तयार झालीं, आणि लाखों वैमानिकांनीं आपल्या पहिल्या चुका आकाशांत न करतां त्या लांकडी पेटींत केल्या.

'पाण्यांत पडल्यावांचून पोहतां येत नाहीं' ही म्हण खरी आहे. पण पहिली उडी कोणी पुराच्या पाण्यांत घेत नाहीं. जेथें चूक महाग आणि सराव दुर्मिळ, तेथें ही पद्धति उपयोगी पडते. शेतीचा धंदा नेमका ह्याच वर्गांत मोडतो. सुताराचा उमेदवार एका महिन्यांत शंभर खिळे वांकडे ठोकून शहाणा होतो. शेतकऱ्यास खरीप वर्षांतून एकदांच येतो. पंचविसाव्या वर्षीं जमीन ज्याच्या हातीं आली आणि पासष्टाव्या वर्षापर्यंत ज्यानें ती केली, त्यास सगळे मिळून चाळीस खरीप लाभतात. त्यांतील प्रत्येक चुकीचें मोल एक वर्षाचें उत्पन्न, आणि कित्येकदां त्याबरोबर सोसायटीचें थकलेलें कर्ज. 'पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा' ह्या न्यायानें आपण आजवर शिकत आलों; पण पुढच्याची ठेंच फार खोल असते, हें विसरतां कामा नये.

तळ्यांतील मासे कां मेले

आतां शाळेंतील एक उदाहरण पाहूं. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागांत ख्रिस डीड आणि टीना ग्रोट्झर ह्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० च्या सुमारास 'इकोम्यूव्ह' नांवाची आभासी सृष्टि तयार केली. ती आपल्याकडील सहावी ते आठवीच्या वयाच्या मुलांसाठीं असून तिचा एक भाग सुमारें दोन आठवडे चालतो. ह्या सृष्टींत एक तळें आहे. भोंवतीं झाडी, जवळ एक ओढा, आणि वरच्या अंगास नवी वसाहत. मुलें आपापल्या अवतारानें तेथें हिंडतात, पाण्याचे नमुने घेतात, मासे व किडे मोजतात. दिवस पुढें मागें करण्याची त्यांस सोय असते. उन्हाळ्याच्या अखेरीस एके दिवशीं पाहतात तों तळ्याकांठीं मोठे मासे मरून पडलेले. हें कशानें झालें, तें मुलांनीं शोधून काढावयाचें.

चौघांचा एक गट असतो आणि कामाची वांटणी केलेली असते. एकानें वनस्पति व प्राणी पाहावे, दुसऱ्यानें सूक्ष्म जीव, तिसऱ्यानें पाण्यांतील द्रव्यें मोजावीं, आणि चौथ्यानें विचारपूस करून माहिती काढावी. कोणा एकाच्या माहितीवरून उलगडा होत नाहीं. चौघांनीं आपले आंकडे एकत्र मांडून वाद घालावा लागतो. अशा प्रसंगीं मनुष्याचा पहिला तर्क जवळच्या व ठळक कारणाकडे धांवतो. कोणीतरी विष टाकलें असेल, कांहीं रोग आला असेल, असें वाटतें. परंतु दिवस मागें नेऊन आंकडे पाहतां पाहतां निराळीच सांखळी हातीं येते.

वरच्या वसाहतींतील लोकांनीं हिरवळीस खत घातलेलें असतें. जोराचा पाऊस पडून त्यांतील स्फुरद वाहत तळ्यांत येतो. त्यावर शेवाळ माजतें व पाणी हिरवें होतें. शेवाळाचें आयुष्य थोडें. तें मरून तळाशीं बसतें व कुजूं लागतें. तें कुजविणारे सूक्ष्म जीव पाण्यांत विरघळलेला प्राणवायु खाऊन टाकतात. आधींच गरम पाण्यांत प्राणवायु कमी राहतो; त्यांत वारा पडलेला असला म्हणजे नवा प्राणवायु पाण्यांत मिसळत नाहीं; आणि मासे गुदमरून मरतात. कारण घडलें तळ्यापासून दूर आणि कित्येक दिवस आधीं. ज्यानें खत घातलें त्याच्या मनांत माशांचा विचारही नव्हता. हा धडा पुस्तकाच्या अर्ध्या पानांत लिहितां येतो, आणि परीक्षा झाली कीं विसरलाही जातो. ज्या मुलानें तो स्वतः मागोवा घेऊन काढला, तें मूल पुढें कोणतेंही मेलेलें पीक पाहून 'काल काय झालें' एवढेंच न विचारतां 'वरच्या अंगास, मागच्या महिन्यांत काय झालें' असें विचारण्यास शिकतें.

आपल्या जमिनींतील तोच धडा

ह्या तळ्याच्या गोष्टीशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. दुष्काळी मुलखास बारमाही पाणी मिळालें, ऊंस उभा राहिला, लोकांच्या हातीं पैसा खेळूं लागला. आणि १९१० सालीं डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी तम्हाणे ह्यांस त्याच नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. मध्यें गेलीं अवघीं पंचवीस वर्षें. पुढें कृष्णाकांठीं, सांगली-कोल्हापूरच्या बागाईत पट्ट्यांतही हाच अनुभव आला.

हें कसें होतें तें पाहा. काळ्या भारी जमिनींतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. पिकास लागतें त्याहून अधिक दिलेलें पाणी खालीं मुरतें आणि भूजलाची पातळी दर वर्षीं थोडी थोडी वर चढते. ती पृष्ठभागापासून चार पांच फुटांच्या आंत आली म्हणजे, दिव्याच्या वातींतून तेल चढावें त्याप्रमाणें पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढतें. उन्हानें पाण्याची वाफ होते, आणि त्यांतील क्षार मात्र वरच राहतात. शेतकऱ्यास प्रथम कांहींच दिसत नाहीं. पुढें एखाद्या सखल कोपऱ्यांत ऊंस पिवळा पडतो. तो खत वाढवितो. मग जमिनीवर पांढरी खार फुटते, उगवण तुटक होऊं लागते, आणि शेवटीं आजोबांनीं कमाविलेलें रान नातवाच्या हातीं पडीक येतें. त्यांत जाच असा कीं, पाणी वरच्या शेजाऱ्यानें अधिक द्यावें आणि जमीन खालच्याची बिघडावी, असेंही घडतें. तळ्यांतील मासे आणि सखल रानांतील ऊंस ह्यांची गोष्ट एकच आहे.

पंचवीस वर्षांत हळू हळू चढणारें पाणी कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं. आणि जें दिसत नाहीं त्यासाठीं आजचें पाणी तोडण्यास कोणी तयार होत नाहीं. उपदेशाचीं व्याख्यानें येथें कमी पडतात, तीं ह्यामुळेंच. परंतु हींच पंचवीस वर्षें पडद्यावर अर्ध्या तासांत लोटतां आलीं, जमिनीचा उभा छेद समोर दिसला, आणि आपण सोडलेल्या प्रत्येक पाळीबरोबर खालची निळी रेघ वर सरकतांना आपल्याच डोळ्यांनीं पाहिली, तर बागाईतदाराच्या मनावर होणारा परिणाम निराळा होईल. दूरचें कारण जवळ आणणें आणि वर्षांचा काळ तासांत आणणें, हें ह्या साधनाचें खरें सामर्थ्य आहे.

शेतकऱ्यांमध्यें झालेले प्रयोग

असे प्रयोग शेतकऱ्यांमध्यें झालेले आहेत. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत, डार्लिंग डाउन्सच्या काळ्या जमिनींत, १९९० नंतरच्या दशकांत संशोधकांनीं 'एप्सिम' नांवाचें पीकगणित संगणकावर घालून तें शेतकऱ्यांपुढें मांडलें. जमिनींतील ओल, नत्र, मागील अनेक वर्षांचें पाऊसमान आणि पिकाची वाढ ह्यांचा हिशेब तो संगणक करी, आणि पेरा लांबला तर काय, खत कमी केलें तर काय, ह्या प्रश्नांचीं उत्तरें देई. ह्यांतील मर्म असें कीं, तेथें आधीं शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतांत खोलवर नळी ठोकून मातीचे नमुने काढले जात, आणि ते आंकडे घालून मगच पुढील बोलणें होई. आपल्या मातीचा आंकडा आपण डोळ्यांदेखत मोजलेला असला म्हणजे संगणकाच्या उत्तरावर वाद घालतां येतो, आणि वादांतूनच शिकणें होतें.

त्याच प्रांतांत सदर्न क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनीं 'सेकंड लाइफ' ह्या आभासी सृष्टींत ऊंस शेतकऱ्यांचे अवतार उभे करून त्यांचे लहान बोलपट तयार केले. त्यांत हे अवतार ऋतुमानाचा अंदाज हातीं घेऊन शेतीच्या निर्णयांविषयीं आपसांत बोलतात. अमुकच करा असा हुकूम सोडण्याचा त्यांत हेतु नाहीं. पाहणाऱ्या शेतकऱ्यांनीं तोच धागा धरून आपल्या रानाविषयीं बोलावें, एवढाच उद्देश. चावडीवरील चार शहाण्यांची गोष्ट ऐकून पांचव्यास सुचावें, त्यांतलाच हा प्रकार आहे.

सावधगिरीच्या गोष्टी

येथवर गुण सांगितले; आतां दोष सांगणें अवश्य आहे. पहिला दोष आरंभींच्या सूत्रांत आलेला आहे. ज्या सृष्टींत हुमणी घातलेली नाहीं, तींत हुमणी कधींच लागणार नाहीं. जींत पाटाचें पाणी नेमल्या दिवशीं येतें, तींत पाळी चुकल्याचें दुःख समजणार नाहीं. मयसभेंत दुर्योधनानें जमिनीस पाणी आणि पाण्यास जमीन मानलें, आणि व्हावयाची ती फजिती झाली. पडद्यावरील भरघोस पीक पाहून जो तरुण शेती सोपी समजेल, त्याची तीच गत होईल. म्हणून कोणतीही आभासी सृष्टि हातीं घेण्यापूर्वीं तींत काय घातलें आहे, आणि काय वगळलें आहे, हें विचारावें.

दुसरी गोष्ट मालकीची. वर सांगितलेली 'सेकंड लाइफ' ही सृष्टि लिंडन लॅब ह्या अमेरिकन कंपनीनें २००३ सालीं उघडली. तेथें कंपनीकडून जमीन म्हणून जागा घ्यावी लागते, आणि तिचा आकार दरमहा भरावा लागतो. पुष्कळ विद्यापीठांनीं तेथें बेटें घेऊन इमारती उठविल्या. शिक्षणसंस्थांस जी निम्म्या दराची सवलत होती, ती बंद करण्याचें कंपनीनें २०१० सालीं जाहीर केलें, आणि अनेक संस्थांस उभी केलेली मांडणी सोडून निघावें लागलें. पुढें २०१३ सालीं सवलत परत मिळाली, पण गेलेले सगळे परतले नाहींत. कांहींनीं 'ओपनसिम्युलेटर' ह्या सर्वांस खुल्या असलेल्या साधनावर आपलें काम हलविलें. सात-बाऱ्यावर ज्याचें नांव नाहीं त्यानें विहीर खोदूं नये, हा आपला जुना शहाणपणा येथेंही लागू पडतो. सोसायटीचा पैसा खर्चावयाचा तर जें साधन खुलें आहे व ज्याचे आंकडे आपल्याजवळ राहतात, तेंच घ्यावें.

तिसरी गोष्ट अशी कीं, डोळ्यांवर चढवावयाचे महाग चष्मे मिळतात, त्यांवांचून अडत नाहीं. त्यांच्या योगानें पुष्कळांस घेरी व मळमळ होते, आणि चष्मा चढविलेला मनुष्य शेजाऱ्याशीं बोलूं शकत नाहीं. वरील तळ्याचें शिक्षण साध्या पडद्यावर चालतें. शिकविण्याचें काम यंत्रापेक्षां पडदा बंद झाल्यावर होणारें संभाषणच अधिक करतें. तें चालविणारा जाणता शिक्षक नसेल तर सर्व खर्च करमणुकीखातीं पडला असें समजावें.

आपण काय करावें

मराठी मुलांसाठीं ह्या दिशेनें आरंभ झालेला आहे. मुंबईचें सी-डॅक आणि अमृता विद्यापीठ ह्यांनीं तयार केलेल्या 'ओलॅब्स' ह्या आभासी प्रयोगशाळेंत माध्यमिक शाळेचे विज्ञानाचे प्रयोग संगणकावर करतां येतात, आणि त्यांतील पाठ मराठींतही आहेत. ज्या गांवच्या शाळेंत प्रयोगशाळेचें कपाट कुलुपांत असतें, तेथें ह्याचा उपयोग अवश्य करावा. शेतकऱ्यांसाठीं क्षार व निचरा दाखविणारी मराठी आभासी सृष्टि आपल्या कृषि विद्यापीठांनीं तयार करावी, अशी मागणी आपल्या मंडळानें ठराव करून करण्यासारखी आहे.

तोंवर ह्या पद्धतीचे चार नियम कोणत्याही साधनाशिवाय पाळतां येतात. पहिला, कळ दाबण्यापूर्वीं आपला अंदाज कागदावर लिहावा; कारण उत्तर पाहिल्यावर प्रत्येकजण 'मला हें ठाऊकच होतें' असें म्हणतो. दुसरा, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी; खत आणि पाणी दोन्ही बदललीं तर गुण कशाचा हें कळत नाहीं. तिसरा, चौघांनीं मिळून पाहावें व आंकडे एकत्र मांडावे. चौथा, आणि सर्वांत महत्त्वाचा, पडद्यावर जें दिसलें त्याची पारख आपल्या रानांत करावी. हार्वर्डच्या त्याच मंडळींनीं पुढें मुलांस हातीं मोबाइल व मापनाचीं साधनें देऊन खऱ्या तळ्यावर नेलें, तें ह्याच हेतूनें.

हा चौथा नियम आजच अमलांत आणतां येईल. बागाईत रानाच्या सखल भागांत छिद्रें पाडलेली सात आठ फूट लांबीची प्लॅस्टिकची नळी उभी पुरावी, तिचें तोंड झाकून ठेवावें, आणि दर पंधरवड्यास काठी सोडून पाणी किती खोलीवर लागतें तें वहींत मांडावें. वर्षांतून एकदां मातीचा नमुना मृदपरीक्षण केंद्रांत पाठवून क्षारांचा आंकडा त्याच वहींत लिहावा. वरच्या व खालच्या शेजाऱ्यांनीं अशाच वह्या ठेवल्या आणि वर्षअखेर एकत्र बसून त्या वाचल्या, तर निळी रेघ कोणीकडे सरकत आहे हें पडद्यावांचूनही दिसूं लागेल. उद्यां आभासी सृष्टि गांवांत आली म्हणजे तींत घालण्यास आपल्याच रानाचे खरे आंकडे तयार असतील. ज्याची वही भरलेली, त्यासच त्या सृष्टीकडून खरें उत्तर मिळेल. रिकाम्या वहीनें गेलेल्यास ती गंमत दाखवील, आणि त्याची खारवट जमीन होती तशीच खारवट राहील.